बाबांना पॉलिफेनॉलच्या कॅप्सूल सुरू कराव्यात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा ६४ वर्षांचे, मधुमेह १२ वर्षांपासून, रक्तदाब आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ७.८. साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. एका नातेवाइकांनी हळदीचा, ग्रीन टीचा आणि द्राक्षबियांचा अर्क एकत्र असलेल्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. खर्च महिन्याला १८०० रुपये. शिवाय रोज सकाळी जांभळाचा रस. वनस्पतींतली ही पॉलिफेनॉल मधुमेह, हृदयविकार, कर्करोग खरंच रोखतात का, किती द्यायची, आणि ती सुरू केल्यावर गोळ्या कमी करता येतील का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी सांगलीत २४ वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मधुमेही, आणि त्यातले बरेच हळद नाहीतर द्राक्षं पिकवणाऱ्या घरांतले. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर जवळजवळ दर आठवड्याला येतो. उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. कॅप्सूल सुरू करू नका, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय तर नकोच. हीच द्रव्यं जेवणातून मात्र रोज आणि दोन्ही वेळा मिळू द्या. गोळ्यांना हात लावू नका.

तुम्ही विचारलंय ते एका द्रव्याबद्दल, की हे चांगलं का वाईट. बाबांसाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. जेवणातून येताना जे उपयोगी पडतं, तेच पिळून, दाट करून बाटलीत भरल्यावर तेवढंच उपयोगी आणि तेवढंच निर्धोक राहतं का? आणि ते पाच औषधांच्या शेजारी जाऊन बसलं की काय होतं?

ही द्रव्यं म्हणजे काय, ते जिभेला आधीच माहीत असतं. ऊन, कीड, बुरशी यांपासून स्वतःला वाचवायला झाडं जी रसायनं बनवतात, त्यातला एक मोठा गट फिनॉलिक द्रव्यांचा, म्हणजेच पॉलिफेनॉलचा. आजवर आठ हजारांहून जास्त ओळखली गेली आहेत. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, कोरा कडक चहा तोंड कोरडं करतो, आवळ्याने दात आंबण्याआधी तोंडात तुरटपणा पसरतो. यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तसं वाटतं. सगळीच तुरट नसतात. कांद्यातलं क्वेर्सेटिन, हळदीतलं कर्क्युमिन, कॉफीतलं क्लोरोजेनिक आम्ल, जवसातली लिग्नन, हीसुद्धा याच घरातली. पण एका घरातली म्हणून सगळी एका स्वभावाची नसतात. सुपारीही तुरट असते, तिच्यातही पॉलिफेनॉल भरपूर असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरवलं आहे. म्हणून "पॉलिफेनॉल आहे, म्हणजे चांगलंच" हे वाक्य कुणी म्हणालं, तर मी आधी विचारते, कशातलं?

कॅप्सूलच्या बाटलीवर बहुतेक 'अँटीऑक्सिडंट' असं लिहिलेलं असेल. त्यामागची कल्पना अशी होती की शरीरात तयार होणारे अस्थिर, उपद्रवी रेणू ही द्रव्यं थेट पकडतात. परीक्षानळीत ते खरोखर घडतं. त्यावरून कुठल्या फळात किती ताकद, याचे आकडे छापले जायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने तर अशा आकड्यांचा मोठा तक्ता प्रसिद्ध केला होता. २०१२ मध्ये त्यांनी तो काढून घेतला, कारण परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल ते कळत नव्हतं, आणि कंपन्या मात्र तो आकडा जाहिरातीत वापरत होत्या. आपलं शरीर या द्रव्यांना परकं समजतं. आतडं आणि यकृत त्यांचं रूप बदलून काही तासांत त्यांना लघवीवाटे बाहेर काढतं. रक्तात उरतं ते फारच थोडं. तेवढ्यावर थेट साफसफाई होत नाही.

मग उपयोग होतो तो कसा? माझ्या समजुतीप्रमाणे तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण आतडं. पिष्टाचं साखरेत रूपांतर करणाऱ्या पाचकरसांना ही द्रव्यं थोडी संथ करतात, त्यामुळे जेवणानंतरची साखर जरा सावकाश चढते. दुसरं रक्तवाहिनीचं आतलं अस्तर. चहा, कोको, द्राक्षं यांतली काही द्रव्यं तिथं नायट्रिक ऑक्साइड हा वाहिनी सैल करणारा वायू टिकवायला मदत करतात आणि वाहिनी सैल राहते. तिसरं ठिकाण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, मोठं आतडं. खाल्लेल्यापैकी बराचसा भाग पचतच नाही, तो तिथल्या जिवाणूंपर्यंत पोहोचतो. ते त्याचे तुकडे करतात आणि शरीर ते तुकडे शोषून घेतं. डाळिंबातल्या टॅनिनपासून युरोलिथिन नावाचं द्रव्य बनतं ते असंच. पण ते प्रत्येकाच्या पोटात बनत नाही, कारण ज्याचे त्याचे जिवाणू वेगळे. दोन भावांनी एकच डाळिंब वाटून खाल्लं तरी फायदा सारखा होईल असं सांगता येत नाही. या क्षेत्रातले निकाल एकमेकांशी न जुळण्याचं एक मोठं कारण हे आहे.

आता माणसांवरचा पुरावा. नेदरलँड्समधल्या झुट्फेन गावात ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या खाण्यात फ्लॅव्होनॉइड (पॉलिफेनॉलचाच एक गट) जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. ती द्रव्यं येत होती मुख्यतः चहा, कांदा आणि सफरचंद यांतून. पण अशा अभ्यासात एक अडचण कायम राहते. भाजी-फळं जास्त खाणारा माणूस बहुधा चालतोही जास्त आणि सिगारेटही कमी ओढतो, त्यामुळे श्रेय नेमकं कशाला द्यायचं ते कळत नाही.

म्हणून मी चाचण्यांकडे पाहते. स्पेनमधल्या प्रेडिमेड चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेले ७४४७ लोक होते. काहींना भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, काहींना रोज मूठभर अक्रोड-बदाम, आणि दोन्ही गटांना भाज्या, फळं, डाळी असं भूमध्य वळणाचं जेवण. तुलनेच्या गटापेक्षा या दोन्ही गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. २०१३ चा मूळ लेख गटवाटपातल्या चुकांमुळे मागे घ्यावा लागला. २०१८ मध्ये पुन्हा हिशेब करून छापला, तेव्हाही निष्कर्ष जवळपास तोच राहिला. यात पॉलिफेनॉल होती, पण त्यांच्यासोबत चांगली चरबी होती, तंतू होते, आणि ताटातून कमी झालेलं काहीतरीही होतं.

कॅप्सूलची सर्वांत मोठी चाचणी म्हणजे अमेरिकेतली कॉसमॉस. २१,४४२ ज्येष्ठांपैकी निम्म्यांना रोज कोकोतली ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल (हीसुद्धा पॉलिफेनॉलच) दिली. २०२२ मध्ये निकाल आला. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या एकूण घटना १० टक्क्यांनी कमी दिसल्या, पण तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी होते. आशा वाटावी असा हा आकडा आहे, पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता. शिवाय तुमच्या बाटलीत कोको नाही.

हळदीचं म्हणाल तर थायलंडमधली २०१२ ची एक चाचणी नेहमी पुढे केली जाते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे २४० जण, नऊ महिने. कर्क्युमिन न घेणाऱ्यांपैकी १६.४ टक्के मधुमेही झाले, घेणाऱ्यांपैकी एकही नाही. निकाल इतका एकतर्फी आहे की मला तो दुसऱ्या देशात, मोठ्या संख्येवर पुन्हा पाहायला आवडेल. आणि ते लोक उंबरठ्यावर होते, बाबा त्या घरात शिरून १२ वर्षं झाली. त्यांचा निकाल बाबांना जसाच्या तसा लावता येत नाही.

कर्करोगाबद्दल थोडक्यात सांगते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर यातली बरीच द्रव्यं काम करताना दिसतात. माणसांत कर्करोग टळतो, असा भक्कम पुरावा कॅप्सूलबाबत नाही. उलट १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. बीटा-कॅरोटीन फिनॉलिक नाही, पण तेही 'अँटीऑक्सिडंट' म्हणूनच दिलं होतं, आणि गाजर खाऊन असं कुणाला झाल्याचं दिसलेलं नाही. ज्यांची केमोथेरपी चालू आहे त्यांनी असं काहीही आपल्या मनाने घेऊ नये.

आता बाबांच्या बाटलीकडे येऊ. साधा हिशेब करा. हळदीत कर्क्युमिन असतं सुमारे तीन टक्के. एक सपाट चमचा, म्हणजे तीन ग्रॅम हळद घेतली तर त्यात साधारण ९० मिलिग्रॅम. थायलंडच्या चाचणीत रोज १५०० मिलिग्रॅम दिलं होतं. तेवढं मिळवायला रोज ५० ग्रॅम हळद खावी लागेल, आणि ती कुणी खाऊ नये. म्हणजे आपल्या आमटीतली हळद आणि कॅप्सूलमधला अर्क यांचं नाव एक असलं तरी मात्रा पंधरापटीहून दूर आहे. "हळद तर आपण पिढ्यान् पिढ्या खातो, तिने काय होणार" हे म्हणणं आमटीला लागू पडतं, कॅप्सूलला नाही.

कर्क्युमिन रक्तात नीट शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपेरिन घालतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये १९९८ साली दाखवलं गेलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं की रक्तातलं प्रमाण वीस पटींनी वाढतं. हे का होतं ते लक्षात घ्या. परकी द्रव्यं मोडून बाहेर टाकणारी शरीराची यंत्रणा पायपेरिन मंदावतं. ती यंत्रणा फक्त कर्क्युमिनसाठी नसते. ॲटोरव्हास्टॅटिनही त्याच वाटेने मोडलं जातं. एकाला आत ठेवण्यासाठी दार अडवलं, तर दुसरंही आत अडकून त्याची मात्रा वाढू शकते. पोह्यांवर भुरभुरलेली मिरी वेगळी आणि रोज नेमाने घेतलेला पायपेरिनचा अर्क वेगळा.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्या माणसाचं रक्त गोठायला आधीच वेळ लागतो. कर्क्युमिन आणि द्राक्षबियांचा अर्क हे दोन्ही रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांवर (प्लेटलेटवर) त्याच दिशेने काम करू शकतात. हिरड्यांतून रक्त येणं, अंगावर काळे-निळे डाग पडणं इथून ते सुरू होतं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत तर धोका आणखी मोठा. न्यूझीलंडमध्ये २०१८ साली हळदीचं सप्लिमेंट सुरू केलेल्या अशा एका रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) दहाच्या वर गेल्याची नोंद आहे. बाबा वॉरफरिन घेत नाहीत, पण हे वाचणाऱ्यांत कुणी घेत असेल म्हणून लिहिते.

आणि यकृत. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे मुख्य पॉलिफेनॉल रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलं. कपाने प्यायलेल्या ग्रीन टीबद्दल ही चिंता त्यांना वाटली नाही. इटलीत २०१९ मध्ये हळदीची सप्लिमेंट घेणाऱ्यांमध्ये कावीळ झालेले रुग्ण आढळले आणि तिथं लेबलवर इशारा छापावा लागला. माझ्याकडेही एक गृहस्थ आले होते, पन्नाशीचे, हळदीचे शेतकरी. स्वतःच्या शेतात हळद असताना बाहेरच्या अर्काच्या कॅप्सूल तीन महिने घेत होते. भूक गेली, लघवी गडद झाली. एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम तपासलं तर सातशेच्या वर. फिजिशियनकडे पाठवलं, कॅप्सूल बंद केल्या, दीड महिन्यात आकडा खाली आला. सगळ्यांना असं होत नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण कुणाला होईल ते आधी ओळखता येत नाही, आणि बाबांना आधीच स्टॅटिन चालू आहे. यकृताचा अहवाल बिघडला तर तो कशाने बिघडला ते शोधण्यात वेळ जाईल, आणि त्या गोंधळात स्टॅटिन बंद झालं तर नुकसान अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटला होईल. मला भीती वाटते ती याची.

जांभळाचा रस मी देत नाही. जांभूळ देते. जून-जुलैत आठ-दहा जांभळं, चावून. रसात चोथा जातो, चोथ्याबरोबर तंतू जातात, आणि बाटलीतल्या रसात काय मिसळलंय ते वाचूनही नीट कळत नाही. सकाळी उपाशीपोटी ग्लिमेपिराइड आणि वर "साखर उतरवणारा" रस असं करून, नाश्त्याला उशीर झाल्यामुळे घाम फुटून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग करायचं काय, ते आता घरातल्या स्वयंपाकावरून सांगते. आपल्याकडे ही द्रव्यं कमी पडतात ती बहुतेक आपणच काढून टाकतो म्हणून. शेंगदाणे भाजतो, हाताने चोळतो आणि लाल साल पाखडून टाकतो. शेंगदाण्यातली पॉलिफेनॉल मुख्यतः त्याच सालीत असतात. कूट सालीसकट करा. रंग थोडा काळपट येतो, चव बिघडत नाही. कांदा सोलताना कोरड्या सालीखालचे एक-दोन जाड पदरही काढून टाकायची सवय असते. क्वेर्सेटिन बाहेरच्या पदरांतच जास्त असतं. वाळलेलं तेवढं काढा, बाकी ठेवा. मूग, मसूर, चवळी, हुलगे सालीसकट शिजवा. नाचणीची सगळी मेहनत तिच्या लालसर आवरणात आहे, तेव्हा ती घरी दळून आणलेली आणि न चाळलेली हवी. नाचणीच्या बिस्किटांत मैदा आणि साखर किती ते आधी बघा.

ज्वारीबद्दल खरं सांगायला हवं. आपली पांढरी मालदांडी ज्वारी मी रोज सुचवते, ती तिच्यातल्या तंतूंसाठी आणि भाकरीने पोट भरतं म्हणून. पांढऱ्या ज्वारीत टॅनिन जवळजवळ नसतं. ते काही गडद रंगाच्या जातींत असतं. भाकरीच्या नावावर नसलेले गुण तिला चिकटवायची गरज नाही, आहेत ते पुरेसे आहेत.

जवस अख्खा गिळला तर तसाच बाहेर पडतो. भाजून, कुटून चटणी करा, रोज एक-दोन चमचे. सोबत तीळ, कारळे आलटून पालटून. आवळा हिवाळ्यात रोज एक. मुरंबा नको, त्यात साखरच जास्त. पेरू, डाळिंबाचे दाणे, संत्रं यातलं एक फळ दिवसाला, दोन जेवणांच्या मध्ये. द्राक्षं आमच्या तासगावची कितीही चांगली असली तरी बाबांना एका वेळी दहा-बारा, काळी आणि बियांची मिळाली तर बियाही चावून. कोकमाचं सार जरूर करा, पण आगळ खारवलेलं असतं, आणि रक्तदाब आहे, तेव्हा वरून मीठ घालू नका.

भाज्यांचं प्रमाण हा मुद्दा खरं तर सगळ्यात वर यायला हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्या ताटात डावीकडे कोशिंबीर चमचाभर आणि उजवीकडे भाजी दोन चमचे असते. वजन केलं तर दिवसाचे दीडशे ग्रॅमही होत नाहीत. मी लोकांना आठवडाभर स्वयंपाकघरातला काटा वापरायला सांगते, आकडा पाहिला की त्यांना स्वतःलाच पटतं. जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि भाजीने करा, भात शेवटी आणि मोजून. आणि हे दोन्ही वेळच्या जेवणात हवं, कारण ही द्रव्यं काही तासांत निघून जातात. रविवारी भरपूर फळं खाऊन आठवडाभराची बेगमी होत नाही.

चहाचं वेगळं सांगते, कारण घरात आईही असतील. चहातलं टॅनिन धान्य-भाज्यांमधल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते शोषलं जात नाही. पोह्यांबरोबर चहा ही आपल्याकडची ठरलेली जोडी आहे, आणि हिमोग्लोबिन नऊ असलेल्या किती बायका मला "लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढत नाही" म्हणून सांगतात. गोळीही चहाबरोबरच घेतलेली असते. पोह्यांवर लिंबू पिळा, त्यातल्या क सत्त्वाने लोह शोषायला मदत होते, आणि चहा तासाभराने. चहा बिनसाखरेचा, दिवसाला दोन-तीन कप, बाबांनाही चालेल. आवडत नसताना ग्रीन टी ओढूनताणून प्यायची गरज नाही.

गोळ्या कमी होतील का, याचं उत्तर मी देणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांचं आहे. एवढं सांगते की जेवणातला असा बदल आणि रोजचं चालणं मिळून तीन-चार महिन्यांत एचबीए१सी खाली आलेलं मी अनेकदा पाहिलं आहे, आणि मग डॉक्टरांनीच ग्लिमेपिराइड कमी केलं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल साखरेसाठी नाहीत, ती स्टेंट उघडा ठेवण्यासाठी आहेत. साखर कितीही सुधारली तरी ती आपल्या मनाने थांबवायची नाहीत.

नातेवाइकांनी कॅप्सूल आधीच आणून दिल्या असतील आणि बाबा घेत असतील, तर आज थांबवा. पुढच्या भेटीला ती बाटली हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, लेबलवर नेमके किती मिलिग्रॅम आणि पायपेरिन आहे का ते त्यांना दाखवा, आणि एसजीपीटी तपासायला सांगा. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, काळी शौच यातलं काही दिसलं तर भेटीची वाट पाहू नका.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिली आहे, बाबांचं क्रिएटिनिन. १२ वर्षांच्या मधुमेहानंतर मूत्रपिंड कितपत चालतंय त्यावर वर लिहिलेल्या डाळी, फळं, आवळा आणि कोकम यांचं प्रमाण बदलतं. पोटॅशियम वाढत असेल तर यातल्या काही गोष्टी मला कमी कराव्या लागतील. गेल्या सहा महिन्यांतला क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचा अहवाल असेल तर आकडे इथे लिहा, म्हणजे त्यांच्यासाठी रोजचं ताट नेमकं ठरवून देता येईल.